सहाव्या धड्याची सही

तुमच्या दाराचा कडीकोयंडा, मुलाच्या सायकलचं चाक, गेला बाजार सोफ्याखालचा एखादा नटबोल्ट तरी माझ्या नजरेखालून गेलेला असण्याची बरीच शक्यता आहे. अंबडच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. नोकरी लागली तेव्हा वडील अभिमानानं सांगायचे, 'मुलगी केमिस्ट आहे', आणि पाहुणे मला डोकेदुखीवर गोळी विचारायचे. पुढे पुढे मी पण सांगून टाकायची. तेवढाच वाद कमी.

प्लेटिंग म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. लोखंड गंजतं. म्हणून त्याच्यावर जस्ताचा पातळ थर चढवायचा. त्यासाठी लोखंडी माल आधी तेल काढायच्या टाकीत बुडवायचा, मग अ‍ॅसिडमध्ये बुडवून त्याचा गंज काढायचा, मग जस्ताच्या बाथमध्ये, म्हणजे जस्त विरघळवलेल्या टाकीत, सोडून वीज चालू करायची. आमच्या त्या बाथमध्ये सायनाइड असायचं. हो, विष म्हणून तुम्ही ऐकलंय तेच. आणि प्रत्येक टाकीतून माल बाहेर काढला की तो पाण्यात धुवायचा. लोकांना वाटतं आमचा धंदा विजेचा. कसला विजेचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं धुणं.

सुरुवातीच्या वर्षांत हे धुण्याचं पाणी कुठं जातं, असं कुणी विचारत नसे. पहिल्यांदा विचारलं ते पंचवटीच्या एका गुरुजींनी. कुणा यजमानानं दिलेल्या लोखंडी समयांची जोडी चकचकीत करून हवी म्हणून ते आले होते. माल तयार होईपर्यंत खुर्चीवर बसून सगळीकडे बारीक नजरेनं बघत होते.

"बाई, हे एवढं पाणी नंतर जातं कुठं?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

"नदीला मिळतो, गुरुजी. ती पुढे गोदावरीला."

गुरुजी घाबरले. मग थोडा विचार करून म्हणाले, "आमच्या रामकुंडाच्या वर मिळते की खाली?"

"खाली."

"मग हरकत नाही," म्हणाले आणि समया घेऊन गेले.

मी हा किस्सा कितीतरी वर्षं हसत हसत सांगितला. पण खरं सांगायचं तर माझंही मत गुरुजींच्यापेक्षा वेगळं नव्हतं. आपल्या खाली गेलं की हरकत नाही. खालच्या अंगाला पण माणसं राहतात, शेतीला तेच पाणी घेतात, हे काही मला ठाऊक नव्हतं असं नाही.

मग दिवस बदलले. नियम कडक झाले, पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवावी लागली, पाण्याची कपात सुरू झाली. मोठ्या शेठजींच्या जागी त्यांचा मुलगा बसायला लागला. त्याला आम्ही धाकटे शेठ म्हणायचो. पोरगा शिकलेला, हुशार, वागायला सभ्य. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं सांगून टाकलं होतं की पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या कारखान्याकडूनच माल घेऊ. पाणी किती वाचवलं ते दाखवा आणि कामगारांना त्याचं शिक्षण दिल्याचंही दाखवा. शिकवायचं कुणी? मॅडमनी. झाले मी शिक्षणप्रमुख. पगार तोच, फक्त एक फळा आणि एक रजिस्टर मिळालं.

मी बारा धडे तयार केले. आठवड्याला एक, कॅन्टीनमध्ये, पाळी सुरू होताना अर्धा तास. वीस-बावीस माणसं बाकांवर बसायची. निम्म्यांचं लक्ष नंतर येणाऱ्या चहा-वड्याकडे. मी तोंडाची फटकळ. "पालथ्या घड्यावर पाणी" असं त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते हसायचे, मी पण हसायची. आपण त्यांना कमी लेखतोय असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या धड्यात मी फळ्यावर तीन टाक्या काढल्या. एका टाकीत धुण्याऐवजी माल ओळीनं तीन टाक्यांत धुवायचा. नळाचं पाणी फक्त शेवटच्या, सगळ्यात स्वच्छ टाकीत सोडायचं आणि तिथून ते उलटं मागच्या टाक्यांत येऊ द्यायचं. तेच पाणी तीनदा कामाला येतं. मी बाण काढले, बाणांवर बाण काढले, कुणाला काही कळेना. मी खडू ठेवणार तेवढ्यात मागच्या बाकावरून कचरूभाऊ म्हणाले, "मॅडम, हे तर आमच्या भाताच्या खाचरावानी हाय."

कचरूभाऊ जस्ताच्या बाथवर होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. घोटीच्या पुढं डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. शाळा चौथीपर्यंत. आठवडाभर अंबड गावात खोली घेऊन राहायचे, शुक्रवारी संध्याकाळी घरी. आमच्याकडे सुट्टी शनिवारी असते. आषाढात आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आठ दिवस न सांगता गायब व्हायचे आणि परत आल्यावर माझी बोलणी खाली मान घालून ऐकून घ्यायचे.

"उठून सांगा," मी म्हणाले.

ते फळ्यापाशी आले. "वरच्या खाचराच्या बांधाला खांड पाडली की पाणी खालच्या खाचरात उतरतं. तिथून त्याच्या खालच्यात. येकच पाणी समद्या खाचरांना पुरतं. फक्त खालचं वर न्यायचं नाय, येवढंच."

सगळी कॅन्टीन एकदम 'हां' म्हणाली. जे मला अर्ध्या तासात जमलं नाही ते त्यांनी एका मिनिटात करून टाकलं. त्या महिन्यात कचरूभाऊंनीच पाइप जोडले, टाक्यांची उंची थोडी थोडी कमीजास्त केली, आणि पाण्याचा मीटर धावायचा तो चालायला लागला. धाकट्या शेठनी पेढे वाटले. मी पुढे एका परिसंवादात यावर निबंध वाचला, 'खाचर पद्धत' असं नावही दिलं. निबंधात कचरूभाऊंचं नाव नव्हतं. राहून गेलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्या दिवसापासून हा माणूस पाण्यानं झपाटला. कुठं नळ गळतोय, कुठं टाकी भरून वाहतेय, सगळं येऊन सांगायचा. आणि विचारायचा फार. "मॅडम, धुण्याचं पाणी म्हणजे घाण का चांगलं?" मी सांगायची, "अहो, धुण्याचं पाणी म्हणजे जवळजवळ स्वच्छच पाणी. ते वाया घालवायचं नाही." हे वाक्य माझंच. मी ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं होतं. "मॅडम, सायनाइडचं आन अ‍ॅसिडचं काय वाकडं हाय? दोघं लांब लांब का ठेवायचे?" मी म्हणायची, "ते तुम्हाला कशाला हवंय? लांब ठेवायचे म्हणजे ठेवायचे. पुढे सहाव्या धड्यात आहे ते."

सायनाइडच्या बाथमध्ये अ‍ॅसिड पडू द्यायचं नाही, हे आमच्याकडे झाडूवाल्यालासुद्धा पाठ होतं. पण का, ते सांगितलेलं नव्हतं. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो आणि दोन श्वासांत माणूस आडवा होतो. बाथमधल्याइतकं नसलं तरी तेच सायनाइड, तेच अ‍ॅसिड धुण्याच्या पाण्यातही उतरलेलं असतं. एवढंच सहाव्या धड्यात होतं.

सहाव्या धड्याच्या आठवड्यात त्या मोठ्या कंपनीचे लोक तपासणीला येणार असं कळलं. धाकटे शेठ माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, रजिस्टरमध्ये बाराही धडे पूर्ण दिसले पाहिजेत." माझ्यासमोर फायलींचा ढीग. मी म्हणाले, बघते. सकाळी चहाबरोबरच रजिस्टर फिरवलं. सहा ते बारा, सगळ्या धड्यांच्या सह्या एकदम. माणसं सह्या करून वडे घेऊन गेली. कचरूभाऊंना वेळ लागायचा, कारण ते सही म्हणून आपलं पूर्ण नाव लिहायचे, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं. सहाव्या धड्यापाशी थांबून त्यांनी वर बघितलं.

"मॅडम, पन ह्यो धडा झालाच नाय."

"घेऊ हो पुढच्या आठवड्यात. आधी सही करा, माणसं खोळंबलीत."

त्यांनी सही केली. तपासणी झाली, कंपनीनं आम्हाला हिरव्या रंगाची पाटी दिली, ती दर्शनी भिंतीवर लागली. पुढच्या आठवड्यात दुसरंच काहीतरी निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही निघालं. सहावा धडा तसाच राहिला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका शुक्रवारी घरी जाताना कचरूभाऊ प्रयोगशाळेच्या दारात थांबले. "मॅडम, अ‍ॅसिडच्या मागचं धुण्याचं पाणी समदं गटारात जातंय. त्येचा कायतरी उपेग करावा म्हनतो." माझी नजर कागदावर होती. मी म्हणाले, "करा की. वाचेल तेवढं पाणी वाचवा." कुठं वापरणार, हे विचारलं नाही. ते खुशीत गेले. घरी जायच्या माणसाला खूष करून पाठवलं, म्हणून मला पण बरं वाटलं.

रविवारी सकाळी साडेसातला मी फाटकातून आत शिरत होते. आतून कुणीतरी ओरडलं. जस्ताच्या बाथच्या मागं, भिंतीच्या आडोशाला, धुण्याची टाकी होती. सायनाइडमधून निघालेला माल त्यात धुवायचा. कचरूभाऊ त्या टाकीपाशी पडले होते. टाकीत एक नळी सोडलेली होती. नळीचं दुसरं टोक अ‍ॅसिडच्या बाजूच्या धुण्याच्या टाकीत. एका खाचराचं पाणी दुसऱ्या खाचरात. भाताला सगळं पाणी सारखंच असतं. शुक्रवारी ते गेल्यावर कुणीतरी अ‍ॅसिडची टाकी साफ केली होती आणि त्या धुण्याच्या पाण्यात बरंच अ‍ॅसिड उतरलं होतं. ते त्यांना कुणी सांगितलं नाही. वर हवा ओढणारा पंखा अजून चालू व्हायचा होता.

मला बघताक्षणी सगळं कळलं. एवढी मी शिकलेली होते. दोघंतिघं त्यांच्याकडे धावत होते, त्यांना मी दंडाला धरून मागं ओढलं, पंखा लावायला सांगितला, मास्क लावून एकाला आत पाठवलं. माझ्यामुळे त्या दिवशी दुसरा कुणी गेला नाही, असं पुढं सगळे म्हणाले. टेम्पोत कचरूभाऊंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी चौकशीला अधिकारी आले. शांत, वयस्कर गृहस्थ. धाकट्या शेठनी त्यांच्यापुढं रजिस्टर ठेवलं. त्यांनी सहाव्या धड्याचं पान उघडलं, ते सुटं सुटं लिहिलेलं पूर्ण नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, हा धडा तुम्ही घेतला होता ना?"

धाकटे शेठ खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी मला काही शिकवून ठेवलं नव्हतं, हेही सांगायला हवं. मला एवढंच दिसत होतं की 'नाही' म्हटलं तर कारखान्याला टाळं लागेल, वीस घरं रस्त्यावर येतील, आणि माझं नाव... माझं नाव सगळ्यात आधी दिसत होतं, उगाच बाकीच्यांचा आडोसा कशाला घेऊ.

"हो," मी म्हणाले.

अहवालात आलं, 'प्रशिक्षण देऊनही कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

पुढं सहा महिन्यांत आम्ही सायनाइडचा बाथ कायमचा बंद केला. त्याच्याशिवाय जस्त चढवायची पद्धत आधीपासून होतीच, फक्त थोडी कटकटीची होती म्हणून आम्ही ढकलत होतो. आणि सहावा धडा मी घेतला. जास्वंदीच्या फुलांचं पाणी नेलं, दोन वाट्यांत ओतलं. एकीत लिंबू पिळलं, पाणी लाल झालं. दुसरीत धुण्याचा सोडा टाकला, ते हिरवं झालं. मग लिंबाच्या वाटीत भरपूर साधं पाणी ओतलं. रंग फिका झाला पण लालच राहिला. "बघा," मी म्हणाले, "पाणी स्वच्छ दिसलं म्हणून अ‍ॅसिड गेलं असं होत नाही." सगळ्यांना कळलं. चौथी शिकलेल्यांना कळलं, अंगठेबहाद्दरांनाही कळलं. घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं झाली होती. मी खडू तिथंच टाकला आणि प्रयोगशाळेत जाऊन दार लावून रडले.

निवृत्तीच्या समारंभात धाकटे शेठ म्हणाले, "आज आपला कारखाना उभा आहे तो मॅडमनी दिलेल्या शिक्षणावर." टाळ्या वाजल्या. माझ्या हातात नारळ आणि शाल. पुढच्याच आठवड्यात मी घोटीची बस पकडली. कचरूभाऊंना जाऊन चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत मी त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते.

घोटीहून जीप मिळाली. भाताची कापणी उरकली होती. त्यांची बायको हिराबाई अंगणात ताडपत्रीवर भात वाळत घालत होती. मी कोण ते सांगितलं. "वळखलं," ती म्हणाली, "ते सांगायचे तुमचं. लय शिकलेल्या बाई हायेत म्हणायचे." तिनं पाणी आणून दिलं. मी तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. धडा झाला नव्हता. सही मी आधी घेतली. शुक्रवारी त्यांनी मला विचारलं होतं आणि मी मान वर न करता 'करा' म्हणाले. साहेबांसमोर मी खोटं बोलले.

ती पायानं भात पसरत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल, हाकलून देईल. मी त्याचीच वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बाई," ती म्हणाली, "मी चार वरसं त्यांना शिव्या देते. रोज. नसतं शहाणपण करायला गेला, आन आमाला उघडं पाडून गेला म्हणून. गावात समदे तेच म्हणत्यात, सायबानं कागदावर लिवलंय, त्याचीच चूक होती. पोरगा तर बापाचं नाव काढलं की उठून जातो. त्या शिव्या मी आता माघारी कशा घेऊ?"

मी उठायला लागले तशी ती म्हणाली, "बसा. पोरगा यील आता कामावरनं. त्याला पन सांगा. माझ्या तोंडून त्याला खरं वाटायचं नाय."

मी बसले. पोरगा, सुनील, गोंद्याला एका कारखान्यात कामाला आहे. चारच्या सुमाराला तो आला. बूट न काढता दारातच उभा राहून त्यानं सगळं ऐकलं. चेहरा बापासारखाच, फक्त हसरा नाही. माझं बोलणं संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "मॅडम, हे लिहून द्याल?"

"देते. आणि उद्या एक प्रत त्या अधिकाऱ्यांच्या कचेरीतही देते. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

त्यानं वहीतलं पान फाडून दिलं. मी ओसरीवर बसून लिहिलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली.

सुनीलनं ते आधी मनात वाचलं. मग आई म्हणाली, "मोठ्यानं वाच." तो वाचायला लागला. ती भाताच्या कडेला खाली बसून ऐकत होती. 'सदर धडा मी कधीही घेतला नव्हता. त्यांनी मला विचारलं होतं. चूक त्यांची नव्हती.'

"ते परत वाच," ती म्हणाली.

"कोणतं?"

"शेवटचं."

त्यानं परत वाचलं.